भिवराबाईचे जोडवीर

मी रोमचा चांदीचा दिनार बोलतोय. नाणं म्हटलं की खरं तर ‘बोलतंय’ म्हणायला हवं. पण माझ्या अंगावर तीन पुरुष आहेत, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन. त्यांच्या भरवशावर मी ‘बोलतोय’ म्हणतो.

माझं वय दोन हजारांच्या वर आहे. नेमकं किती, ते मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ते मला केजच्या एका भांडेवाल्याने सांगितलं. त्यानंतर जे घडलं ते ऐकून तुम्ही हसाल. हसा, पण शेवटपर्यंत ऐका, कारण मला तुमच्याकडून एक वचन घ्यायचं आहे.

माझा जन्म आजच्या फ्रान्समधल्या ल्योन गावच्या टांकसाळीत झाला. खालच्या ठशावर चांदीची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा एक घाव घालायचा, एवढंच आमचं बाळंतपण. माझ्या वेळी वरचा ठसा जरा सरकला. त्यामुळे पुढच्या बाजूचं सम्राटाचं डोकं झकास उमटलं, पण मागच्या बाजूला जे दोन तरुण उभे होते त्यातला एक कडेला चेपून गेला. दोघांच्या मध्ये ढाली आणि भाले. वर एक छोटी पळी आणि एक वाकडी काठी.

तिथून मी एका व्यापाऱ्याच्या थैलीत बसून जहाजाने इकडे आलो. मिरी आणि तलम कापडाच्या बदल्यात हात बदलत बदलत तगरला पोहोचलो. तगर म्हणजे आजचं तेर. तिथल्या एका व्यापाऱ्याला शंका आली की मी आतून तांब्याचा आहे. त्याने छिन्नी घेतली आणि सम्राटाच्या गालावर काप मारला. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाचा गाल कापून त्याने आत डोकावून पाहिलं, ‘चांगलं हाय’ अशी मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग मी मातीत गेलो. मातीत सांगण्यासारखं काही घडत नाही.

चार पिढ्यांपूर्वी नांदूरघाटाजवळच्या एका वाडीत नांगराच्या फाळाने मला वर काढलं. नांगरणाऱ्याने मला धोतराला पुसलं, पाठीवरचे दोन पुरुष पाहिले आणि तिथेच ढेकळात गुडघे टेकले. त्याच्या घरात सांगत आले होते की ही वाडी दोन भावांनी वसवली. त्यांना जोडवीर म्हणत. आता तेच दोघे शेतातून उगवले होते! त्याने मला घरी नेलं आणि देव्हाऱ्यात बसवलं. देवाची किंवा पूर्वजाची मूर्ती उठवलेला चांदीचा लहानसा पत्रा असतो, त्याला टाक म्हणतात. मी जोडवीरांचा टाक झालो. पळी म्हणजे पूजेचा मान, वाकडी काठी म्हणजे गुरं राखायची, असा अर्थही लावून झाला. वाडीच्या जत्रेत पहिला नारळ फोडायचा मान त्या घराला मिळाला.

वीर वर दिसायला हवेत म्हणून सम्राट खाली गेला. शंभर वर्षं तो लाल फडक्यात नाक खुपसून पडला होता.

भिवराबाई सोळाव्या वर्षी त्या घरात सून म्हणून आली. तेव्हापासून रोज सकाळी तिने मला चिंचेने घासलं, पाण्याने धुतलं आणि दोघांना कुंकू लावलं. कुंकू लावताना ती बोलायची. एकाला ‘थोरल्या’ म्हणायची, दुसऱ्याला ‘धाकल्या’. धाकला म्हणजे तो कडेला चेपलेला. त्याला ती कुंकू जरा जास्त लावायची.

तिला लेकही दोनच झाले. थोरला भारत, धाकटा बजरंग. आज दोघेही पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि दोघांनाही सरपंच व्हायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या फलकावर बजरंगचा फोटो भारतच्या फोटोपेक्षा लहान आला. झालं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. अंगण एक, विहीर एक, म्हैस एक. काही सांगायचंच असेल तर दोघे म्हशीला सांगायचे. भारत म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, “मोटार चालूच हाय वाटतं, बंद करायची न्हाई कुणाला.” बजरंग दुसऱ्या बाजूने येऊन म्हशीला म्हणायचा, “ज्यानं चालू केली त्यानं बंद करावी.” म्हैस रवंथ करायची. घरात सगळ्यात जास्त माहिती तिच्याकडे होती.

शेवटी वाटणी ठरली. अंगणात भिंत घालायला विटा येऊन पडल्या. सगळं वाटून झालं आणि मग देव्हारा आला. वीर कुणाकडे जाणार? ज्याच्याकडे वीर त्याच्याकडे जत्रेचा मान, आणि ज्याच्याकडे मान त्याच्याकडे सरपंचकी, असा त्यांचा हिशेब होता.

बजरंग म्हशीला म्हणाला, “वीर दोन हायत. भाऊ बी दोन हायत.”

भारतने विचार केला आणि म्हशीला म्हणाला, “मधून कापायचा म्हंजे? कापू.”

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं. येत्या गुरुवारी राधाकिशन सोनाराला बोलवायचं ठरलं.

भिवराबाईने त्या दिवशी मला घासलं नाही. मला पदराच्या गाठीत बांधलं आणि काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसून ती केजला निघाली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की केजात बाजारपेठेत कलेक्टर बसतो, आणि लई भला माणूस हाय.

हे एका अर्थी खरं होतं. केजला धोंडप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. धोंडप्पा चाळीस वर्षं जुनी नाणी जमवत होते. त्यांनी पप्पू पेंटरला सांगितलं होतं की दुकानाच्या पाटीवर नावाखाली ‘कॉइन कलेक्टर’ लिही. पप्पूने मोठा शब्द आधी घेतला. ‘कलेक्टर’ एवढा झोकात काढला की ‘कॉइन’ला जागाच उरली नाही. उद्या बघतो म्हणाला, आणि ते उद्या काही आलं नाही. तेव्हापासून लोक धोंडप्पांकडे अर्ज घेऊन येऊ लागले. रेशनकार्डात नाव चढवायचंय, पाण्याचा टँकर पाहिजे, बांधावरची बाभळ तोडायचीय. पहिलं वर्षभर धोंडप्पांनी समजावून सांगितलं. मग ते दमले आणि अर्ज घेऊन तहसीलमध्ये नेऊन देऊ लागले. त्यातली दोन-तीन कामं झालीसुद्धा. त्यामुळे गर्दी वाढली.

भिवराबाई दुकानात शिरली आणि तिने थेट हात जोडले. “सायेब, माज्या लेकांनी वीर कापायचं ठरिवलंय. तुमी स्टे द्या.”

धोंडप्पा पितळी घागर पुसत होते. “मावशी, मी तो कलेक्टर नाही. काय कापणार आहेत?”

तिने गाठ सोडली आणि मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. धोंडप्पांच्या काखेतली घागर निसटली आणि घरंगळत रस्त्यावर गेली. ते तिच्याकडे बघेनात. 

“नीला!” ते आत ओरडले. “भिंग आण! काटा आण!”

नीलाबाई, त्यांच्या पत्नी, दोन्ही वस्तू घेऊन आल्या. मग रस्त्यावर जाऊन घागरही उचलून आणली.

धोंडप्पांनी मला छोट्या काट्यावर ठेवलं. साडेतीन ग्रॅमच्या किंचित वर भरलो. “थोडं कमी आहे,” ते पुटपुटले. “याला कशाने घासता तुम्ही?”

“चिंचंनं. कदी राखंनं.”

धोंडप्पांनी डोळे मिटून घेतले. “मावशी, जुनं नाणं कधी घासू नये.”

“आन् देवाला पारोसं ठिवावं का?” भिवराबाईने विचारलं.

 धोंडप्पांनी मला भिंगाखाली धरलं आणि उलटं केलं. शंभर वर्षांनी सम्राटाला उजेड दिसला. वीर पालथे पडू नयेत म्हणून भिवराबाईने मला कधी उलटवलं नव्हतं; तो चेहरा ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती.

“ह्यो कोन?”

“हा ऑगस्टस. रोमचा बादशहा. आणि मागचे दोघे तुमचे वीर नाहीत, मावशी. ते याचे नातू आहेत. गायस आणि लुसियस.”

“नातू?” ती सम्राटाकडे बघत राहिली. “मंग आज्याला आमी खाली तोंड करून कावून ठिवलं? नातवांच्या पायाखाली?” तिने पदराने त्याच्या नाकावरचं जुनं कुंकू पुसलं. मग गालावरचा काप तिच्या बोटाला लागला. “आन् ह्ये कुनी केलं?”

“आपल्याकडच्याच कुणीतरी. चांदी खरी आहे का बघायला.” धोंडप्पा आता रंगात आले होते. ते कडेची अक्षरं एकेक करून वाचत होते. “ही बघा, इथे लिहिलंय, पातेर पात्रिए. म्हणजे राष्ट्रपिता. ही पदवी याला मिळाली इसवी सनाच्या आधी दोन वर्षं. म्हणजे नाणं त्याच्या अगोदरचं असूच शकत नाही. आता मागची बाजू. या दोघांना म्हटलंय नियोजित कॉन्सल आणि युवकांचे प्रमुख.”

“म्हंजे?”

धोंडप्पा घुटमळले. “म्हणजे बघा, भावी सरपंच. युवा नेते.”

“आमच्या बजरंगाच्या फलकावर बी आसंच लिवलंय,” भिवराबाई म्हणाली.

“यातला धाकटा गेला इसवी सन दोनमध्ये, थोरला चारमध्ये. म्हणजे नाणं बहुतेक ती पदवी मिळाल्यापासून तोपर्यंतच्या पाच-सहा वर्षांतलं!” धोंडप्पांनी मांडीवर थाप मारली. अशी मधली वर्षं चिमटीत सापडली की त्यांना फार आनंद होई.

भिवराबाईला मात्र आनंद झाला नव्हता. “गेला म्हंजे?”

“वारला.”

“कितवं होतं त्येला?”

“अठरा पुरी झाली होती. थोरला बाविशी-तेविशीतला.”

“लगीन?”

“थोरल्याचं झालं होतं. धाकट्याचं ठरलं होतं. राहून गेलं.”

 भिवराबाईने चेपलेल्या धाकल्यावरून अंगठा फिरवला आणि डोळ्याला पदर लावला. दोन हजार वर्षांत त्या पोरांसाठी रडणारं मी कुणी पाहिलं नव्हतं. ल्योनला नाही, जहाजावर नाही. ती रडली केजला, स्टीलच्या डब्यांच्या उतरंडीशेजारी.

नीलाबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. “चाळीस वर्षं हेच शोधत होता ना? वीर नाहीत म्हणून कळलंय त्यांना. मागून घ्या की.”

धोंडप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता मागतीलच. पण त्यांनी मला भिवराबाईच्या मुठीत घातलं आणि मूठ मिटली. “तुमच्या घरातलं आहे, मावशी. फक्त कापू देऊ नका. गुरुवारी मी येतो. मी समजावतो त्यांना.”

गुरुवारी धोंडप्पा एक वही आणि भिंग घेऊन वाडीत उतरले. कलेक्टर येणार ही बातमी आधीच पोहोचली होती. लोकांनी रस्ता झाडला होता. कलेक्टर काळ्या-पिवळ्या जीपच्या टपाला धरून लोंबकळत आला हे पाहून म्हातारी माणसं म्हणाली, किती साधा माणूस!

अंगणात राधाकिशन सोनार ऐरण मांडून बसला होता. धोंडप्पांनी उभं राहून सगळं सांगितलं. ऑगस्टस, दोन नातू, इसवी सन. सांगून झाल्यावर म्हैसही रवंथ थांबवून बघू लागली.

मग भारत वळला. म्हशीकडे नव्हे. “बजरंग, ह्यो मानूस काय म्हनतोय बे?”

“आपले वीर परदेशी हायत म्हनतोय, दादा.”

तीन वर्षांनी ते बोलले होते, पण कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोघे मिळून धोंडप्पांवर ओरडत होते. “रोम? कुठं आलं ते? आमच्या घराचा मान खाली पाडायला आलाव का तुमी? कुन्या पार्टीचे हायत तुमी?” धोंडप्पा वही छातीशी धरून मागे सरकत कडब्याच्या गंजीला टेकले.

ओरडून झाल्यावर दोघांना आठवलं की आपलं भांडण आहे. भारत म्हणाला, “काप रे राधाकिशन. थोरला वीर माज्याकडं.” बजरंग म्हणाला, “थोरला कोन ते आदी ठरू दे.” सोनाराने मला ऐरणीवर ठेवलं. छिन्नी बरोबर दोन ढालींच्या मधोमध टेकली. एकदा गालावर सोसलं होतं, पण हा काप आरपार जाणार होता. मी गार पडलो होतो.

तेवढ्यात भिवराबाई पुढे झाली. तिने मला उचललं आणि तोंडात टाकलं.

गिळायचा तिचा विचार नव्हता. गालात धरून बसायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण बजरंग धावला, “आये, काड ते!” म्हणत त्याने तिचा हात ओढला, आणि ती दचकली. गटकन आवाज झाला.

“गेले,” भिवराबाई म्हणाली.

त्याच जीपने सगळे केजला दवाखान्यात गेले. आईच्या एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला बजरंग, मागे धोंडप्पा. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर भिवराबाईच्या पोटात मी पांढराशुभ्र चंद्रासारखा दिसत होतो. धोंडप्पांनी ती फिल्म उजेडाला धरली आणि सुस्कारा सोडला. “कडा शाबूत आहेत.”

डॉक्टर म्हणाले, “घाबरू नका. गिळलेलं नाणं बहुतेक वेळा आपोआप बाहेर येतं. केळी खायला घाला, तीन-चार दिवस वाट बघा. पोट दुखलं, उलटी झाली तर मात्र लगेच घेऊन या.”

त्या दिवसांत मी काय पाहिलं ते विचारू नका. अंधार होता आणि ऊब होती. पण आवाज ऐकू यायचे. “आये, केळं खा.” “दादा, आता माजी पाळी हाय, तू झोप जरा.” “तिला गरम पानी दे बे, गार कावून देतूस?” दोन भाऊ आईच्या दोन बाजूंना बसून माझ्याबद्दल, म्हणजे तिच्याबद्दल, बोलत होते. म्हशीला कुणी काही सांगत नव्हतं.

रविवारी वाडीची जत्रा होती आणि अडचण उभी राहिली. पालखीत वीरांचा टाक हवा. टाक भिवराबाईच्या पोटात. भारतने एक्स-रेची फिल्म पालखीत ठेवून बघितली, पण वाऱ्याने ती उडत होती. वाडीतली चार जाणती माणसं पारावर बसली आणि त्यांनी निकाल दिला. वीर जिथं, मान तिथं. भिवराबाईला पालखीत बसवा.

तशी ती बसली. पंचावन्न वर्षं जिने टाक घासला, पण जिच्या घरातल्या कुठल्याच बाईने कधी मानाच्या नारळाला हात लावला नव्हता, तिला पालखीतून मिरवत नेलं. वाजंत्री पुढे होती. बायका रस्त्यात तिची ओटी भरत होत्या आणि तिच्या पोटाला लांबून हात जोडत होत्या. भिवराबाई वजनाने चांगली भक्कम. पालखीच्या पुढच्या दांड्याला भारत, मागच्याला बजरंग. एक जरा वाकला की दुसऱ्यालाही वाकावं लागे. “दादा, हळू!” “तूच नेट लाव!” असं करत ते देवळाशी पोहोचले. पहिला नारळ भिवराबाईने फोडला. एका फटक्यात.

मी बाहेर आलो सोमवारी सकाळी. त्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही. तिने मला धुतलं. सवयीने चिंचेकडे हात गेला होता, तो तिने मागे घेतला आणि नुसत्या पाण्याने विसळलं.

बाहेरून भारतची हाक आली, “आये, आले का वीर?”

भिवराबाईने मला मुठीत धरलं. खिडकीतून अंगण दिसत होतं. दोघे भाऊ एकाच किटलीतला चहा एकमेकांच्या कपात ओतत होते. भिंतीसाठी आणलेल्या विटांचा ढीग निम्म्यावर आला होता. त्या विटांनी दोघे मिळून आईसाठी जवळच नवं न्हाणीघर बांधत होते, कारण वीर असलेल्या बाईने लांब चालू नये.

“न्हाई बाबा,” ती म्हणाली. “अजून न्हाई.”

मंगळवारीही न्हाई. बुधवारीही न्हाई. बजरंग म्हणाला पुन्हा एक्स-रे काढू. ती म्हणाली, “त्या लाइटीचा चटका वीरांना लागतो. ते आपल्या आपण बसलेत, बसू दे.” तिचं दुखतखुपत काहीच नव्हतं, दोन भाकरी जास्त खात होती. वाडीने मान्य केलं की वीरांनी जागा धरली. वाटणीचा विषय निघाला की कुणीतरी विचारायचं, मग आई कुणाकडे? तिथे तो विषय थांबायचा. आईचे तर दोन तुकडे करता येत नव्हते.

आठ दिवसांनी ती एकटीच केजला आली. मला धोंडप्पांच्या तळहातावर ठेवलं. “सायेब, तुमी तवा मागितलं न्हाई. म्हनून तुमाकडं देते. पर मी जिती हाय तवर कुनाला दावायचं न्हाई.”

धोंडप्पांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. नाणी जमवणाऱ्या माणसाला नाणं दाखवायला बंदी! पण त्यांनी तिच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली.

आता मी त्यांच्या कपाटात कापूस घातलेल्या डबीत असतो. डबीत त्यांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी आहे. ‘रोम. ऑगस्टस. चांदी. इ.स.पू. २ ते इ.स. ४. गालावर भारतीय छिन्नीचा काप. सापडल्याचं ठिकाण,’ आणि पुढे मोकळी जागा. औरंगाबादला, पुण्याला नाण्यांची प्रदर्शनं भरतात. धोंडप्पा जातात, लोकांचे झिजके दिनार पाहतात, ‘छान आहे हो’ म्हणतात आणि ओठ चावत परत येतात. आल्यावर नीलाबाईंना बोलावून मला दाखवतात. नीलाबाई म्हणतात, “बघितलंय मी.” तरी बघतात.

तर वाचकहो, आता ते वचन. तुम्ही कधी नांदूरघाटाकडे गेलात तर भारत आणि बजरंग भेटतील. जोडीनेच भेटतील. चहा पाजतील, एक्स-रेची फ्रेम केलेली फिल्म दाखवतील, आणि मग आवाज खाली आणून विचारतील, “तुमी शिकलेले मानसं हायत. खरं सांगा, इतके दिवस वीर पोटात राहू शकत्यात का?”

तेव्हा माझ्यासाठी एवढं खोटं बोला. म्हणा, राहतात की.

माझ्या पाठीवरच्या दोघांना मोठं होता आलं नाही. ही दोन पोरं एका अंगणात म्हातारी होऊ द्या.